डॉक्टरांना आजार सांगता, तसे आपले कामही सांगा

दवाखान्यात आल्यावर प्रत्येक जण आपला त्रास सांगतो. ताप कधीपासून आहे, दुखते कुठे, भूक लागते की नाही. पण "आपण काम काय करता?" असे आम्ही विचारले की बरेच जण गोंधळतात. कुणी म्हणतो, "कंपनीत आहे." कुणी म्हणते, "काही नाही, घरीच असते." ही दोन्ही उत्तरे अपुरी असतात. कंपनीत म्हणजे भट्टीजवळ, पॅकिंगला की रात्रपाळीच्या गेटवर? आणि 'घरीच असणारी' बाई बऱ्याचदा पहाटे उठून चार घरची धुणीभांडी उरकून आलेली असते.

आम्ही दोघेही डॉक्टर. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत आमचा छोटा दवाखाना आहे. कामगार, रिक्षा आणि टेम्पो चालवणारे, वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई, कंत्राटी सफाई कामगार, बांधकामावरचे बिगारी आणि आता त्यांचीच शिकून नोकरीला लागलेली मुले, असे आमचे रुग्ण आहेत. एकाच घरातली आजी, मुलगा आणि नातू आम्ही तपासतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. माणसाचा आजार समजायला जसे त्याचे शरीर तपासावे लागते, तसे त्याचे काम समजून घ्यावे लागते. आणि औषध लागू पडेल की नाही, हेही पुष्कळदा त्याच्या कामावरच ठरते. ते कसे, हे वाचकांना सोप्या भाषेत सांगण्यासाठी हा लेख आहे.

तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

हा प्रश्न आमचा नाही. इटलीतील मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांचा काळ १६३३ ते १७१४. त्यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणकामगार, कुंभार, धोबिणी, सुईणी, दिवसभर लिहीत बसणारे कारकून, अशा कितीतरी धंद्यांतले आजार त्यांनी त्यात नोंदवले. रुग्णाला काय विचारावे हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांनी सांगून ठेवले होते. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घाला, असे रामाझिनी यांनी डॉक्टरांना सुचवले. तो प्रश्न म्हणजे, तुम्ही काम काय करता?

त्यांना हा विषय कसा सुचला, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या घरातील मैल्याचा खड्डा साफ करायला एक कामगार आला होता. तो फार घाईने काम करत होता. इतकी घाई का, असे त्यांनी विचारले. या खड्ड्यात जास्त वेळ राहिले की डोळ्यांची आग होते, दिसेनासे होते, असे त्याने सांगितले. रामाझिनी यांनी त्याचे डोळे पाहिले, मग शहरातल्या तशाच इतर कामगारांकडे लक्ष दिले. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या शास्त्राचे जनक म्हणून आज जग त्यांना ओळखते. त्या शास्त्राची सुरुवात एका मैला साफ करणाऱ्या माणसाला माणूस समजून प्रश्न विचारण्यातून झाली.

खाडा पडू नये म्हणून

आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य आहे, "डॉक्टर, उद्या कामावर जाता आलं पाहिजे." हातावर पोट असलेल्या माणसाला आजारपणाची रजा नसते. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते. सलग तीन-चार खाडे पडले की मुकादम दुसरा माणूस घेतो. म्हणून माणूस लवकर बरे करणारा उपाय मागतो. सुई मारा, सलाईन लावा, 'पावरची' गोळी द्या.

यातल्या सलाईनचा हिशेब एकदा समजून घ्या. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी. बाकी सगळे पाणी. पाच टक्के ग्लुकोजची बाटली लावली तर तिच्यात २५ ग्रॅम साखर असते. त्यातून मिळणारी शक्ती एका भाकरीपेक्षा जास्त नसते. ज्याला उलट्या थांबत नाहीत, ज्याच्या पोटात पाणीही टिकत नाही, ज्याच्या अंगातले पाणी फार कमी झाले आहे, त्याचा जीव सलाईनने वाचतो. पण साध्या थकव्यासाठी किंवा सर्दीतापासाठी ती लावणे म्हणजे दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा मिठाच्या पाण्यावर घालवणे आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याला तर गरज नसताना दिलेली सलाईन घातकही ठरू शकते.

जुलाबात काय करावे, याचा धडा १९७१ सालचा आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, साखर आणि सोडा मिसळून ते रुग्णांना तोंडावाटे पाजण्याचा निर्णय घेतला. ते नातेवाइकांच्याच हातून पाजले गेले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तेच आजचे ओआरएस. एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, ना कमी ना जास्त, आणि थोडे थोडे पीत राहायचे. सरकारी दवाखान्यात हे पाकीट फुकट मिळते.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. ओझी उचलणारे, फरशी घासणारे, दिवसभर उभे राहणारे अनेक जण मेडिकलमधून रोज एक-दोन वेदनाशामक गोळ्या घेतात. काही ठिकाणी नाव नसलेल्या पुड्या मिळतात, त्यात स्टेरॉईडही असू शकते. गोळी घेतली की अंग हलके होते, काम होते, म्हणून ती चालू राहते. पण डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे रोज घेतल्या तर जठरात व्रण होतो, बीपी वाढते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मूत्रपिंड दुखून सांगत नाही. पायाला सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ज्याला रोज गोळी घेतल्याशिवाय कामावर जाता येत नाही, त्याने डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे. ओझे उचलण्याची पद्धत, कमरेचा व्यायाम, कामाची जागा बदलून मागणे, यातून काही मार्ग निघू शकतो. आणि पुडी कोणी दिली तर तिच्यात काय आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

गोळी सकाळची आणि पाळी रात्रीची

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. आमच्या दवाखान्यातील बाकावर बसलेल्यांकडे पाहिले तरी हे खरे वाटते. हे दोन्ही आजार बोलत नाहीत. बीपी १६०/१०० असलेला माणूस हमाली करत असतो आणि "मला काही त्रास नाही" म्हणतो. वेगवेगळ्या दिवशी मोजलेले बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो आजार आहे, त्रास असो वा नसो. सकाळी उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, आणि पुन्हा तपासूनही तसेच आले, तर तो मधुमेह आहे.

गोळ्या बंद करण्याची कारणे आम्ही नेहमी विचारतो. "बरं वाटलं म्हणून बंद केल्या" हे पहिले कारण. बरे वाटत होते ते गोळीमुळेच, हे समजावून सांगावे लागते. दुसरे कारण पैशांचे. तिसरे कारण मात्र विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ते कामाचे असते. चिठ्ठीवर "सकाळी नाश्त्यानंतर" लिहिलेले असते आणि वॉचमन सकाळी ड्यूटीवरून येऊन उपाशीच झोपतो. दुपारी उठल्यावर त्याला प्रश्न पडतो की आता सकाळची गोळी घ्यायची की नाही? मग ती राहून जाते. किंवा तो झोपण्याआधी उपाशीपोटीच घेतो.

यात धोका आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड, जेवण चुकले तर साखर फार खाली आणतात. इन्सुलिनचेही तसेच. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. लोकांना वाटते तो प्यालेला आहे. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर जेवायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ड्रायव्हर, मचाणावर काम करणारा, यंत्रावर उभा राहणारा, यांनी तर खिशात साखरेची पुडी ठेवावीच.

म्हणून ज्यांची पाळी बदलते त्यांनी डॉक्टरांना आपल्या जेवणाच्या वेळा सांगाव्यात. गोळी घड्याळाऐवजी जेवणाशी जोडून देता येते. काही गोळ्या बदलता येतात, काही दिवसातून एकदाच देता येतात. पण पाळीच माहीत नसेल तर डॉक्टर सगळ्यांना लिहितात तीच चिठ्ठी लिहितील. आपल्या मनाने मात्र वेळ बदलू नका.

बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. खासगी डॉक्टर असूनही आम्ही रुग्णांना हे सांगतो. कारण महागडी गोळी दोन महिने घेऊन सोडण्यापेक्षा फुकटची साधी गोळी वीस वर्षे घेतलेली बरी.

पाणी न पिणारी माणसे

उन्हाळ्यात मूतखड्याचे आणि लघवीच्या जळजळीचे रुग्ण वाढतात. "पाणी भरपूर प्या" हा सल्ला सगळे डॉक्टर देतात. पण रिक्षावाला, टेम्पोवाला, बसचा ड्रायव्हर पाणी कमी का पितो, हे त्याला विचारले तर तो सांगतो की लघवीला कुठे थांबणार? बायांचे तर याहून अवघड. चार घरची कामे करणाऱ्या अनेक ताईंना त्या घरांतले संडास वापरू दिले जात नाहीत. रस्त्यावर झाडलोट करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बायका सकाळी घरातून निघतात ते दुपारी किंवा संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवी दाबून धरतात. मग वारंवार जंतुसंसर्ग होतो. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देऊन आम्ही तो बरा करतो आणि महिनाभराने ती ताई पुन्हा येते.

या आजाराचे खरे औषध संडास आहे. ते आमच्या कपाटात नाही. पण हे कारण उघड बोलले गेले तर काही तरी घडते. ज्या घरी काम करता तिथे संडास वापरू देण्याची अट सुरुवातीलाच घालता येते. तीन-चार जणींनी मिळून ती घातली तर ती मान्य होण्याची शक्यता वाढते. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी आज कामाला बाई येते, त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. आपल्या आया-आज्यांनी जे सोसले ते आपल्या दारात दुसऱ्या कुणी सोसू नये.

बायांची दुसरी तक्रार थकव्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजले जाते. आमच्याकडे ७-८ हिमोग्लोबिन घेऊन दिवसभर राबणाऱ्या बायका येतात. सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरेल ते खाणे, भुकेवर चहा मारणे आणि पाळीत जास्त रक्त जाणे, ही कारणे बहुतेक वेळा सापडतात. लोहाची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. ती घेतल्यावर शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे, जेवणात लिंबू पिळावे. आणि घरच्यांनी एकदा तरी पाहावे की आपल्या आईच्या ताटात शेवटी काय उरते.

धूळ, धूर आणि खोकला

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. टीबीचे निदान आणि औषध सरकारी यंत्रणेत मोफत आहे. नेहमीच्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत दरमहा पैसे बँक खात्यात येतात. पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली.

पण दगडखाण, क्रशर, फरशी कापणे, काचेचा कारखाना, वाळूने धातू घासणे, अशा कामांत असलेल्याचा खोकला वेगळाही असू शकतो. दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका फुप्फुसात बसते आणि तिथे कायमचे व्रण तयार करते. याला सिलिकोसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रात तो टीबीसारखा दिसू शकतो. मग माणसाला टीबीची औषधे दिली जातात, तरी दम लागतच राहतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला खरोखरचा टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. दगड कापताना पाण्याचा फवारा मारणे, धूळ ओढून घेणारे यंत्र बसवणे, योग्य मास्क देणे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला होता. म्हणजे कारखान्यातील कामगाराला तो झाल्याचे दिसले तर डॉक्टरांनी सरकारला कळवायचे. पण रुग्णाने पूर्वी कुठे काम केले हे कागदावर नसेल तर त्याच्या आजाराची नोंद कोणत्या कामाखाली होणार? म्हणून दहा वर्षांपूर्वी सोडलेले कामही डॉक्टरांना सांगावे. ते केसपेपरवर लिहिले जाईल असा आग्रह धरावा. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर तो कागद कामी येतो.

गटारात उतरणारा माणूस

पावसाळ्यात तापाचे दहा रुग्ण आले तर त्यातला सफाई कामगार आम्ही वेगळ्या नजरेने तपासतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात उघड्या पायांनी काम केलेल्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे ही त्याची लक्षणे. दुर्लक्ष झाले तर कावीळ होते, लघवी कमी होते आणि जीव जाऊ शकतो. सुरुवातीलाच ओळखला तर तो साध्या औषधांनी बरा होतो. "मी परवा तुंबलेल्या पाण्यात काम केलं" हे एक वाक्य अशा वेळी फार मोलाचे असते. पायाला जखम असताना पाण्यात उतरावे लागले तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, प्रतिबंधक गोळी देता येते.

गटाराच्या आत मात्र आजारापेक्षा मोठा धोका असतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. थोडा असेल तर त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मारून टाकतो. माणसाला वाटते वास गेला, आता उतरायला हरकत नाही, आणि काही क्षणांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून एकाच गटारात दोघा-तिघांचे जीव जाण्याच्या बातम्या येतात. वरून कोणी पडलेला दिसला तर श्वसनयंत्र आणि दोरखंडाशिवाय खाली उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. कितीही जवळचा माणूस असला तरी हाच नियम पाळा.

हाताने मैला साफ करायला लावणे आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण दवाखान्यात आमच्यासमोर बसतो तो वाचलेला माणूस असतो. "चक्कर आली होती, आता ठीक आहे" असे तो म्हणतो. गटारात उतरल्यावर चक्कर आली असेल तर ती साधी चक्कर नव्हती, तो मरणाच्या दारातून परत आला आहे. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

खुर्चीतले काम

आपल्या समाजातील एक पिढी शिकली, कचेरीत बसली. अंगमेहनत गेली, याचा आनंद आहे. पण नवे आजार आले. दहा तास बसून काम, बाहेरचे खाणे, अपुरी झोप. घरातला पहिला नोकरदार असेल तर त्याच्या एका पगारावर घराचा हप्ता, बहिणीचे लग्न आणि गावाकडचे आजारपण अवलंबून असते. कामाच्या ठिकाणी आपली लायकी रोज सिद्ध करावी लागते ते वेगळेच. असा तरुण आमच्याकडे पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड घेऊन येतो. तपासण्या नॉर्मल येतात. बराच वेळ बोलल्यावर कळते की झोप उडाली आहे, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, दारू वाढली आहे. मनाचा आजार हा आजारच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतही बोलता येते.

आणखी एक धोक्याची सूचना. चाळिशीतला माणूस छातीत जड वाटते, घाम येतो, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते असे सांगत असेल, तर अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊन घरी झोपू नये. ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. मधुमेही माणसाला आणि बायांना कधीकधी छातीत फारसे दुखत नाही, नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते, हेही ध्यानात ठेवावे. महत्त्वाची मीटिंग किंवा शेवटची फेरी उरकून मग जाऊ, असे करू नका.

पगारातून कापले जाते ते कशासाठी?

अनेक कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'ईएसआय' म्हणून काही रक्कम कापलेली असते. कशासाठी, असे विचारले तर सांगता येत नाही. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू आहे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. याहून महत्त्वाचे म्हणजे, आजारपणात घरी बसावे लागले तर हप्त्यांच्या अटी पूर्ण असल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे खाड्याची भीती काही प्रमाणात कमी करणारी सोय कायद्याने केलेली आहे. कामावर असताना झालेल्या अपघातासाठी वेगळी तरतूद आहे.

या योजनेचा आराखडा तयार झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ साली हे काम सोपवले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. आजारी पडलेल्या कामगाराची चूल बंद पडू नये, हा विचार त्यामागे होता. आपल्या खिशातून कापल्या जाणाऱ्या पैशाचा हक्क आपणच मागितला नाही तर तो विचार कागदावरच राहील. आपला विमा क्रमांक मागून घ्या, घरच्यांची नावे त्यात आहेत का ते पाहा. पगारातून कापले जाते पण क्रमांक मिळत नाही, असे असेल तर ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना

डॉक्टर घाईत असतात, बाहेर गर्दी असते, हे आम्हाला आमच्याच दवाखान्यावरून माहीत आहे. म्हणून थोडक्यात सांगायच्या गोष्टी आधी ठरवून जा. नेमके काम काय, किती वर्षांपासून, आणि त्याआधी काय करत होता. पाळी कोणती, जेवता कधी. कामावर धूळ, धूर, रसायन, घाण पाणी, उष्णता, ओझे यांपैकी काय आहे. पाणी आणि संडासाची सोय आहे का. त्रास कामावर वाढतो का, सुट्टीच्या दिवशी कमी होतो का. बरोबर काम करणाऱ्या आणखी कुणाला असाच त्रास आहे का. मेडिकलमधून स्वतः कोणत्या गोळ्या घेता. आणि किती दिवस खाडा परवडेल, हेही न लाजता सांगा. पाच दिवस विश्रांती लिहून दिली आणि माणूस दुसऱ्याच दिवशी कामावर गेला, तर ती चिठ्ठी निरुपयोगी असते. दोनच दिवस शक्य आहेत हे कळले तर त्या दोन दिवसांत काय करता येईल, याचा विचार आम्ही करू शकतो.

जुने केसपेपर, तपासण्यांचे कागद एका पिशवीत ठेवा. शक्य असेल तर दर वेळी दवाखाना बदलू नका. जो डॉक्टर आपल्याला दहा वर्षे ओळखतो, त्याला दारातून आत येताना आपली चाल बदललेली दिसते. आणि डॉक्टरांनी कामाबद्दल विचारलेच नाही तर आपण होऊन सांगा. "साहेब, मी रात्रपाळीला असतो," "मॅडम, मी फरशी कापतो," एवढे सांगायला फार वेळ लागत नाही.

तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्यावी. विहारात, वस्तीत, मंडळात आरोग्य शिबिरे होतात तेव्हा तपासणीच्या कागदावर नाव आणि वयाच्या पुढे 'काम' असा एक रकाना ठेवावा, अशी आमची सर्व कार्यकर्त्यांना विनंती आहे. त्या रकान्याला काही खर्च येत नाही. एखाद्या वस्तीत फरशी कापणाऱ्या पाच जणांना दम लागतो आहे किंवा एकाच ठेकेदाराकडच्या चौघांना गटारात चक्कर आली आहे, हे त्यातूनच पहिल्यांदा कळेल.